न्यायाचे वेड

ताडोबाच्या अरण्याच्या पूर्वेस, नागभीडहून चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सिंदेवाही हे गाव आहे. भोवती साग आणि बांबूचे रान, आणि रानाच्या कडेकडेने धानाच्या बांध्या. दिवाळीच्या सुमारास धान कापणीस येते, खळी होतात, हातात चार पैसे खुळखुळू लागतात. आणि मग ह्या साऱ्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटकमंडळ्या गावोगाव निघतात. दिवसा मंडई भरते, लेकीबाळी आणि पाहुणे जमतात. रात्री जेवणे उरकून सारे गाव मंडपात येऊन बसते, आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा पूर्वेस तांबडे फुटलेले असते. रात्रभर जागून नाटक पाहणारा एवढा मोठा प्रेक्षकवर्ग महाराष्ट्रात अन्यत्र मिळणे कठीण.

ह्या प्रेक्षकाचे एक मागणे असते. ज्या दुष्टाने पहिल्या अंकात एखाद्या अनाथ मुलीचे वाटोळे केले, तो तिसऱ्या अंकाच्या आत आपल्या कर्माची फळे भोगताना दिसला पाहिजे. पुरावा नाही, साक्षीदार फुटले, वकिलाने युक्तिवाद केला आणि आरोपी सुटला, हे सारे बाहेरच्या जगात ठीक आहे. मंडपात ते चालावयाचे नाही. पहाटेच्या चार वाजता डोळे चोळीत बसलेल्या माणसालादेखील तो हिशेब पुरा झाल्यावाचून घरी जाववत नाही. ह्या भुकेला खेडवळ म्हणून हसण्याचे कारण नाही. शहरांतील सुशिक्षित घरांत गुप्तपोलिसी कादंबऱ्यांची जी पारायणे होतात, त्यांच्या मुळाशी तीच भूक आहे. फरक इतकाच की तेथे ती आरामखुर्चीत बसून भागविली जाते.

आता अशी कल्पना करावी की, प्रेक्षकांतील एक मनुष्य स्वतः न्यायाधीश आहे. त्याने उभ्या आयुष्यात शेकडो खटले ऐकले, कित्येकांना फासावर पाठविले. कायद्याच्या जाळ्यातून सुटलेले गुन्हेगार उजळ माथ्याने फिरताना त्याने पाहिले आहेत, आणि ते त्याच्या मनाला सलत आहे. एके रात्री तो उठतो, रंगमंचावर चढतो आणि त्या सुटलेल्यांचा हिशेब आपल्या हाताने पुरा करतो. ह्या मनुष्यास काय म्हणावे? न्यायाधीश म्हणावे की मारेकरी?

ही कल्पना अगाथा ख्रिस्तीबाईंनी १९३९ साली एका कादंबरीत उतरविली. महायुद्धाला तोंड फुटून जेमतेम दोन महिने झाले होते तेव्हा ती लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिचे मूळचे नाव आज कोणी सभ्य मनुष्य उच्चारीत नाही. पुढे रूढ झालेले नाव ‘अँड देन देअर वेअर नन’ असे आहे. ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही आणि जे ती वाचण्याच्या विचारात आहेत, त्यांनी येथेच रेडिओची कळ फिरवावी हे बरे. कारण ह्या कथेतील खुनी कोण हे सांगितल्यावाचून पुढे एक पाऊलही टाकता येणार नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेस डेव्हनच्या किनाऱ्यालगत एक ओसाड बेट आहे. त्यावर एक नवा, झगझगीत बंगला. आठ पाहुणे आणि चाकरीस असलेले एक जोडपे, अशी दहा माणसे तेथे जमतात. यजमानाचा पत्ता नाही. पहिल्या रात्री जेवणानंतर एकाएकी एक आवाज घुमू लागतो आणि प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्यावर खुनाचा आरोप ठेवतो. एकाने बेदरकारपणे मोटार हाकून दोन मुलांना चिरडले. त्या नोकर जोडप्याने आपल्या वृद्ध मालकिणीला वेळेवर औषध दिले नाही. एका डॉक्टराने दारूच्या धुंदीत शस्त्रक्रिया केली. एका सेनापतीने बायकोच्या प्रियकराला युद्धात मुद्दाम मरणाच्या तोंडी दिले. एका धर्मनिष्ठ बाईने गरोदर मोलकरणीला घराबाहेर काढले आणि त्या पोरीने जीव दिला. एका पोलिसाने खोटी साक्ष देऊन निरपराध मनुष्याला तुरुंगात धाडले, आणि तो तेथेच मेला. एका साहसी गृहस्थाने आफ्रिकेच्या रानात आपल्या एकवीस सोबत्यांना उपाशी टाकून पळ काढला. एका शिक्षिकेने आपल्या हाताखालच्या लहान मुलाला समुद्रात बुडू दिले. ह्यांपैकी कोणालाही न्यायालयात शिक्षा झालेली नाही. बहुतेकांवर खटलाच होऊ शकला नसता. त्यानंतर एका बडबडगीताच्या क्रमाने ही माणसे एकामागून एक मरू लागतात.

त्या दहांत लॉरेन्स वॉरग्रेव्ह नावाचे एक निवृत्त न्यायाधीश आहेत. गुन्हेगारांना हटकून फासावर पाठविणारा म्हणून त्यांची ख्याती. त्यांच्यावरही आरोप आहे: सेटन नावाच्या आरोपीला त्यांनी नाहक फाशी दिले. सेटनच्या रूपाने आणि वागण्याने ज्यूरी मोहून गेली होती, तो सुटणार असे साऱ्यांना वाटत होते. पण न्यायाधीशांनी समारोपाच्या भाषणात पुरावा असा काही मांडला की ज्यूरीचे मत फिरले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याने सूड उगवला. पुढे मात्र असा पुरावा बाहेर आला की सेटनच्या अपराधाविषयी शंकाच उरली नाही. न्यायाधीशांचेच बरोबर होते.

ह्या तपशिलापाशी थांबावयास हवे. सामान्य लेखकाने आपल्या खुनी न्यायाधीशाला लाचखाऊ केले असते, पक्षपाती केले असते, निदान चुकणारा तरी केले असते. आणि मग वाचकाला त्याचा तिरस्कार करणे सोपे गेले असते. ख्रिस्तीबाईंनी ती सोय ठेवलेली नाही. वॉरग्रेव्ह चुकत नाही. आपल्यासमोर निरपराध मनुष्य आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला त्याला सहन होत नसे, आणि अशा खटल्यांत त्याने आरोपीला वाचविलेले आहे. त्याचा न्याय अचूक आहे, आणि तरीही तो खुनी आहे. तो चुकला असता तर ती कादंबरी रहस्यकथेपलीकडे गेली नसती.

ह्या मनुष्याच्या अंतरंगात दोन प्रवृत्ती जोडीने वाढलेल्या आहेत. लहानपणी बागेतल्या गांधीलमाश्या मारून पाहण्यात त्याला गोडी वाटे. मरण पाहण्याची, मरण देण्याची एक गुप्त वासना त्याच्या ठायी उपजत होती. आणि तिच्याच शेजारी निरपराधाला इजा होऊ नये ही तितकीच तीव्र जाणीव होती. दोहींचा समेट करण्यासाठी त्याने कायद्याचा व्यवसाय पत्करला. न्यायासनावर बसून दोन्ही भुका एकदमच भागत. तेथे मरण देता येत होते, आणि ते फक्त अपराध्यालाच द्यावे लागत होते. वर्षानुवर्षे हा बंदोबस्त उत्तम चालला. मग निवृत्ती आली, आणि पाठोपाठ असाध्य दुखणे आले. त्याच सुमारास एका डॉक्टराने सहज बोलता बोलता सांगितले की, कायद्याला हात लावता येणार नाही असे खून जगात पुष्कळ होत असतात. त्या नोकर जोडप्याची हकीकत वॉरग्रेव्हला ह्याच संभाषणात कळली. वासनेला निमित्त पुरले.

त्याची न्यायबुद्धी बेटावरदेखील सुटत नाही, हे विशेष. धान पायलीने मोजावे तसा तो अपराध मोजतो. ज्याचा दोष त्याच्या मते सर्वांत हलका, त्याला तो आधी मारतो, म्हणजे भयाची यातना त्याच्या वाट्याला कमी येईल. मोटारवाल्याला नीतिअनीतीची जाणीवच नाही, म्हणून तो पहिला. नोकराची बायको नवऱ्याच्या धाकाने वागली, म्हणून ती दुसरी. ज्यांनी थंड डोक्याने पाप केले त्यांना त्याने मागे ठेवले आहे; त्यांनी प्रत्येक रात्री दाराला कडी लावून जागत बसावे असा त्याचा हिशेब आहे. शिक्षेचे प्रमाण अपराधाशी जुळविणे हे न्यायाधीशाच्या व्यवसायातील अतिशय अवघड काम. त्यात हा मनुष्य निष्णात आहे, आणि त्या नैपुण्याचा त्याला अभिमानही आहे.

मग उणे काय राहिले? आरोप आहे, पुरावा आहे, अपराधाची तुलना आहे, शिक्षा आहे. इतके असून हे न्यायालय का नव्हे?

ह्याचे उत्तर त्या पहिल्या रात्रीच्या आवाजात सापडते. तो आवाज होता ग्रामोफोनच्या तबकडीचा. तबकडी दहाही जणांवर आरोप ठेवते आणि शेवटी रीतसर विचारतेसुद्धा की, आरोपींना आपल्या बचावार्थ काही सांगावयाचे आहे काय? प्रश्न बिनचूक आहे, पण तबकडीला कान नाहीत. दिवाणखान्यातील माणसे ओरडतात, नाकारतात, कोणी मूर्च्छित पडते. सुई खरखरत राहते. पुढे वॉरग्रेव्ह स्वतः मधोमध बसून प्रत्येकाची चौकशी करतो, आणि ती माणसेही सवयीने त्याला न्यायाधीश मानून उत्तरे देतात. परंतु निकाल आधीच लिहून ठेवलेला आहे. कोणी काहीही सांगितले तरी त्यातील एक अक्षर बदलणार नाही. ज्याच्या उत्तराने काही बदलू शकत नाही, त्याला प्रश्न विचारणे ही थट्टा होय.

आपल्याकडे देहान्ताच्या शिक्षेवर सही केल्यानंतर न्यायाधीशाने लेखणीचे टोक मोडून टाकण्याची प्रथा आहे. इंग्लंडातील न्यायाधीश अशा वेळी डोक्यावर काळे वस्त्र ठेवीत. ह्या प्रथांना कायद्यात आधार असो वा नसो, त्यांच्या पोटी एक संकोच आहे. हे काम आपल्याला करावे लागले, त्याच लेखणीने पुन्हा दुसरे काही लिहू नये, असा तो संकोच. आणि कायद्याने त्याच्या पुढेही पायऱ्या घातल्या आहेत. भारतात सत्र न्यायाधीशाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येत नाही. १९८० सालापासून तर ती विरळातील विरळ प्रकरणीच द्यावी असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. आरोप ठेवणारा निराळा, ऐकणारा निराळा, तपासून पाहणारा निराळा, आणि दोर ओढणारा त्याहून निराळा. चार जणांत वाटलेले हे काम फार हळू चालते, आणि त्याचा लोकांना संताप येतो. वॉरग्रेव्हने ते एकट्याच्या अंगावर घेतले. त्याची लेखणी मोडत नाही. उलट आपले मरण भासविण्यासाठी तो लाल पडद्याचा झगा पांघरतो, लोकरीचा टोप डोक्यावर चढवितो आणि खुर्चीत न्यायासनावरच बसल्यासारखा बसतो. ती वस्त्रे काढवत नाहीत, हाच त्याचा रोग.

चारही कामे एका हाती आल्यावर काय होते, हे पाहण्यास डेव्हनच्या काल्पनिक बेटापर्यंत जावयास नको. सिंदेवाहीचे लोक ज्या जिल्ह्याच्या ठिकाणी कोर्टकचेरीसाठी जातात, त्या चंद्रपुरास पूर्वी चांदा म्हणत. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाल्यावर तेथे डेप्युटी कमिशनरचा अंमल बसला. महसूल त्याच्याकडे, बंदोबस्त त्याच्याकडे, फौजदारी न्यायही त्याच्याकडे. १८५८ साली मोलमपल्लीचा गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके ह्याने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्याच्या पाठलागावर फौज धाडणारा कॅप्टन क्रिक्टन हाच चांद्याचा डेप्युटी कमिशनर होता. पंचविशीतला बाबुराव अखेर पकडला गेला, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी देण्यात आले. ज्या सत्तेशी तो लढला, तीच फिर्यादी होती, तीच न्याय देणारी होती, आणि दोरही तिचाच होता. क्रिक्टनला न्यायाचे वेड लागले होते असे कोणी म्हणणार नाही. तेथे राज्याची सोय होती. परंतु आरोपीच्या बाजूने पाहता दोहोंत फारसे अंतर नाही. पुढे भारताच्या राज्यघटनेने पन्नासाव्या अनुच्छेदात न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून अलग करण्याचे तत्त्व घातले, त्यामागे असल्या अनुभवांचे मोठे गाठोडे होते.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे, आणि तो दुबळा नाही. कायद्याच्या पायऱ्या चढता चढता पीडिताचे आयुष्य संपते, त्याचे काय? नागपुरात १३ ऑगस्ट २००४ रोजी, जिल्हा न्यायालयाच्या भर दालनात, अक्कू यादव नावाच्या गुंडाला जमावाने ठार मारले. त्या जमावात कस्तुरबानगर वस्तीतील स्त्रिया पुढे होत्या. त्याच्यावर बलात्काराचे आणि खुनांचे आरोप होते; वर्षानुवर्षे त्याने ती वस्ती दहशतीखाली ठेवली होती, आणि तक्रारींना दाद मिळत नव्हती. दहा वर्षांनी, २०१४ साली, त्या हत्येच्या खटल्यातील आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या स्त्रियांकडे बोट दाखवून कायद्याचे प्रवचन देण्यास मोठे धारिष्ट लागेल. कायदा त्यांच्या दारापर्यंत आलाच नव्हता.

पण त्या स्त्रिया आणि वॉरग्रेव्ह ह्यांना एका तागडीत घालता येत नाही. त्या स्त्रिया पोळलेल्या होत्या. वॉरग्रेव्हचे कोणी काही बिघडविलेले नाही. बुडालेले मूल त्याचे नव्हते, उपाशी मेलेल्या एकवीस जणांतील एकाचेही तोंड त्याने पाहिले नव्हते. त्याने ही प्रकरणे ऐकीव गप्पांतून गोळा केली, एखादा हौशी मनुष्य पोस्टाची तिकिटे गोळा करतो तशी. जगाच्या जमाखर्चात दहा रकमा वळत्या झालेल्या नाहीत, एवढीच त्याची तक्रार. मेलेल्यांविषयी त्याच्या कबुलीजबाबात कळवळा शोधून सापडत नाही. १९६५ साली राजा नवाथे ह्यांनी ह्याच कथेच्या धर्तीवर ‘गुमनाम’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा न्यायाधीश गळाला आणि खुन्याच्या हाती जुने वैर दिले गेले. चित्रपट चालला, गाणी गाजली. सूड कोणालाही समजतो. वैरावाचून केलेला न्याय पचणे कठीण.

महाराष्ट्राच्या इतिहासात ह्याच कसोटीला लागलेला एक खराखुरा न्यायाधीश आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे चुलते रघुनाथराव गादीवर आले. रामशास्त्री प्रभुणे तेव्हा न्यायाधीश होते. त्यांनी चौकशी केली, आणि खुद्द रघुनाथरावांच्या तोंडावर सांगितले की, ह्या कृत्याला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही. त्यानंतर रामशास्त्र्यांनी काय केले? त्यांनी पद सोडले, पुणे सोडले, आणि ते कृष्णाकाठी निघून गेले.

प्रभात कंपनीने १९४४ साली ‘रामशास्त्री’ चित्रपट काढला, आणि गजानन जागीरदारांनी तो बाणेदारपणा घरोघर पोहोचविला. शाळेतील मुलेही निर्भयपणाचे उदाहरण म्हणून ही गोष्ट पाठ करतात. परंतु ह्या गोष्टीचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. रघुनाथराव त्या निकालाने मेले नाहीत. कारभाऱ्यांनी त्यांना पदच्युत केले, ते इंग्रजांच्या आश्रयास गेले, त्यांच्यापायी लढाया झाल्या. आणि खुनानंतर दहा वर्षांनी, १७८३ साली, कोपरगावी त्यांना मरण आले ते दुखण्याने. ज्याला देहान्त सांगितला तो आपला दशकभर जगतो आहे, हे रामशास्त्री पाहत होते. त्यांचा निकाल वॉरग्रेव्हच्या निकालाइतकाच निःशंक होता, आणि अपराधही त्या बेटावरील कोणत्याही अपराधाहून लहान नव्हता. असे असून शास्त्रीबोवांनी कट्यार शोधली नाही, मारेकरी घातले नाहीत. कारभाऱ्यांनी बोलावल्यावर ते पुण्यास परतले, आणि वतनाचे, वाटणीचे, कर्जाचे तंटे पुन्हा ऐकू लागले. १७८९ साली ते वारले. अपुऱ्या राहिलेल्या त्या एका निकालासह सोळा वर्षे काढणे हे रघुनाथरावांपुढे बोलण्याहून सोपे असेल असे वाटत नाही. वॉरग्रेव्हला नेमके तेच साधले नाही.

ह्या कथेला एक शेपूट आहे. कादंबरीत बेटावर कोणीही जिवंत राहत नाही. न्यायाधीशाचा कबुलीजबाब बाटलीत घालून समुद्रात सोडलेला असतो, तो मासेमारीच्या जहाजाला सापडतो. एवढे गुप्त राखूनही आपल्या करामतीला एक तरी वाचक मिळावा अशी त्याला इच्छा होतीच. १९४३ साली ख्रिस्तीबाईंनी ह्या कादंबरीचे नाटक केले आणि ते लंडनच्या सेंट जेम्स नाट्यगृहात लागले. तेव्हा अडचण अशी आली की, सारीच मेली तर घडलेली हकीकत रंगमंचावर सांगणार कोण? म्हणून त्यांनी दोघांना जगविले: ती शिक्षिका आणि आफ्रिकेहून आलेला तो साहसी गृहस्थ. पण त्यांना जगवावयाचे तर ते खुनी असून भागेना. तेव्हा नाटकात असे निघाले की, त्या मुलाच्या मरणात शिक्षिकेचा हात नव्हताच, आणि त्या गृहस्थाने आपल्या सोबत्यांना टाकून पळ काढलेला नव्हता. न्यायाधीश हातात फास घेऊन तिच्यापुढे येतो. मेला असे समजून सोडलेला तो गृहस्थ उठतो आणि गोळी झाडतो.

सोबत्यांपैकी कोणीतरी जिवंत राहून बोलले पाहिजे, एवढी एकच नाटकी गरज निर्माण झाली. आणि कादंबरीत एकदाही न चुकलेला तो न्यायाधीश बेटावरील नऊ आरोपींपैकी दोघांच्या बाबतीत साफ चुकलेला निघाला.